कलांगला उतरणारे काका

"खोली बघायला रविवारी येऊ नका," काका फोनवर म्हणाले होते. "रविवारी सगळीच घरं जवळ असतात. कामाच्या दिवशी या, सकाळी."

म्हणून माझ्या नवऱ्याने, प्रमोदने, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही दोघं बदोकला गेलो. सिंगापूरला येऊन आम्हाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. प्रमोद पुण्याचा कॉम्प्युटर इंजिनियर, एम्प्लॉयमेंट पासवर आलेला, आणि मी त्याच्या मागोमाग. क्लेमेंटीला आम्ही ज्या घरात एका खोलीत राहत होतो, ते घर मालकिणीने विकायला काढलं होतं. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. घरांच्या किमती अशा चढत होत्या की विकणारा थोडा थांबला तरी त्याचाच फायदा, आणि भाडी त्या किमतींच्या मागे धावत होती. त्यातून आम्ही भारतीय. एजंट फोनवरच विचारायचा, "कुकिंग करणार?" हो म्हटलं की खोली नुकतीच गेलेली असायची.

काकांचं नाव आम्हाला गणपतीच्या आरतीला भेटलेल्या एका बाईंनी सुचवलं. "माणूस जरा विक्षिप्त आहे," त्या म्हणाल्या होत्या, "पण स्वयंपाकाला नाही म्हणत नाही."

दार उघडलं तेव्हा समोर एक उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ उभे. इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि छत्री मागे कॉलरला अडकवलेली, कोकणातले म्हातारे अडकवतात तशी. आयुष्यभर बोटींच्या इंजिन रूममध्ये काम केलेलं. ठेंगण्या दारांतून आत-बाहेर करून वाकलेले खांदे नंतर सरळ झालेच नाहीत. डावा कान इंजिनाच्या आवाजाने गेलेला, त्यामुळे समोरच्यालाही कमी ऐकू येतं असं धरून ते मोठ्यांदा बोलत.

"ऑफिस कुठे?" त्यांनी प्रमोदला विचारलं.

"बुओना व्हिस्टा."

"चला मग."

"कुठे?"

"बुओना व्हिस्टाला. आणखी कुठे?"

आम्हाला खोलीची गरज होती, म्हणून निघालो. बदोकला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलो. ती गाडी सरळ बुओना व्हिस्टाला जाते, मधे बदलावी लागत नाही. पण कलांग आलं तसे काका उठले आणि म्हणाले, "उतरा." आम्ही उतरलो. त्यांच्या मागोमाग जिना उतरून रस्त्यावर आलो, डबल डेकर बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेला लागून बसलो, सगळं शहर ओलांडून रेडहिलला पोचलो, आणि तिथून पुन्हा एमआरटीत चढलो. कलांगच्या पुढे गाडी जमिनीखाली जाते आणि रेडहिलला वर येते. तेवढा तुकडा काका बसने करत. असं का, हे विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही. त्यांनी आपणहून एवढंच सांगितलं, "सगळी उमेद पाण्याच्या पातळीखाली गेली. आता जे काही आहे ते वर."

बुओना व्हिस्टाला उतरल्यावर त्यांनी प्रमोदला काहीच विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "दमलीस काय गो बाय?"

"थोडीशी."

"हा रोज एवढं करून आला, तर घरी येऊन तुझ्याशी बोलेल काय?"

"तसाही तो फार बोलत नाही," मी म्हणाले.

काका हसले. रस्त्यावरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यांदा. मग म्हणाले, "खोली तुमची."

"पण आम्ही बघितली कुठे?"

"खोलीत काय बघायचंय? चार भिंती आहेत. बघायची असते ती वाट."

---

भाडं ठरवायची त्यांची एक पद्धत होती, आणि ती पद्धत मी दुसऱ्या कुठल्याही घरमालकाकडे पाहिली नाही. भाडेकरूला कामावर पोचायला जितका जास्त वेळ लागेल तितकं भाडं कमी. "माणसाने दोनदा भाडं भरू नये," ते म्हणत. "लांब जाणारा एक भाडं मला देतो आणि एक गाडीत बसून भरतो. ते दुसरं परत मिळत नाही." पुढे प्रमोदचं ऑफिस चांगीच्या बाजूला एका नव्या इमारतीत गेलं, बदोकपासून अगदी जवळ. तेव्हा काकांनी त्याच आठवड्यात भाडं वाढवलं, आणि वर आम्हाला पेढे आणायला लावले. लवकर घरी यायला मिळतंय, ही आनंदाची गोष्ट आहे, पेढे नकोत? आम्ही हसत हसत दिले. ते वाढलेलं भाडंसुद्धा बाजारभावाच्या बरंच खाली होतं. ओळखीच्या मंडळींना हे सांगितलं की कोणाचा विश्वास बसत नसे. एकाने तर काकांना गाठून समजावलं की लोक आपल्या सांदीकोपऱ्यांचेही पैसे करताहेत, तुम्ही वेड्यासारखं काय करता. काकांनी डावा कान पुढे केला आणि अजिबात ऐकू न आल्याचं दाखवलं.

फ्लॅटमधली मोठी खोली त्यांनी आम्हाला दिली होती. स्वतः सामानाच्या खोलीएवढ्या लहान खोलीत कपडे आणि ट्रंक ठेवत, आणि झोपत मात्र बाहेरच्या खोलीत, दार सताड उघडं टाकून. दाराला लोखंडी जाळी होती, पण तीही ते कडी न लावता नुसती ओढून घेत. समोरच्या कॉरिडॉरमधून येणारी-जाणारी शेजारची चिनी मंडळी त्यांना झोपलेलं बघून हलक्या पावलांनी जात. सुरुवातीला मला फार संकोच वाटायचा. मग सवय झाली, आणि नंतर नंतर बंद दाराच्या घरात गेलं की मलाच गुदमरल्यासारखं होऊ लागलं.

स्वयंपाकाची तर त्यांनी सक्तीच केली होती. पहिल्याच दिवशी येऊन विचारलं, "फोडणी करता येते ना?" करता येते म्हटल्यावर समाधानाने मान डोलावली. संध्याकाळी हिंग-मोहरीचा वास आला की ते आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवत आणि मासा चांगला कसा ओळखावा, यावर मला, शाकाहारी बाईला, व्याख्यान देत.

दिवसभर ते घरी नसत. बसने फिरत. सकाळी बदोकच्या बस स्थानकावर जायचं, जी डबल डेकर समोर येईल तिच्यात चढायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, एक कॉफी प्यायची आणि दुसऱ्या बसने परत. कधी कधी परतायला रात्रीचे दहा वाजत. प्रत्येक ड्रायव्हरला ते कॅप्टन म्हणत. बसच्या इंजिनाचा आवाज उजव्या कानाने ऐकत आणि उतरताना आपलं निदान सांगत. "कॅप्टन, युवर गिअर बॉक्स इज क्राइंग." बहुतेक ड्रायव्हर हसत. एक म्हातारा ड्रायव्हर मात्र त्यांना ओळखून होता. काका चढताना दिसले की तोच आधी विचारायचा, "अंकल, टुडे माय बस सिक ऑर नॉट?"

मी त्या वेळी घरातून बाहेर पडत नव्हते. पुण्यात डेअरीच्या प्रयोगशाळेत काम केलेली मी, इथे आल्यावर दिवसभर खिडकीत बसून समोरच्या ब्लॉकवर बांबूला वाळत घातलेले कपडे बघायची. इंग्रजी यायचं, पण इथलं इंग्रजी कळायचं नाही, आणि एकदा बाजारात भाजीवाल्या बाईने दोनदा सांगूनही मला न कळल्यामुळे ती वैतागून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली, तेव्हापासून मी एकटी जायचंच सोडलं होतं.

काकांनी यावर मला काही उपदेश केला नाही. एके दिवशी सकाळी म्हणाले, "बाय, माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय. बसचा नंबर वाचायला कोणीतरी हवं." मी गेले. दुसऱ्या दिवशीही चष्मा आला नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तो चष्मा त्यांच्या खिशातच होता, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी काही बोलले नाही, कारण तोवर मला वरच्या मजल्यावरची पुढची जागा आवडू लागली होती. तिथून शहर समजायचं. कुठली वस्ती कुठे संपते, कारखाने कुठे सुरू होतात, शाळा सुटल्यावर मुलं कुठल्या वळणावर रेंगाळतात. शेवटच्या थांब्यावर कॉफी मला मागायला लावायचे. मी चुकले की दुकानदार दुरुस्त करायचा, आणि काका दुसरीकडे बघत बसायचे.

---

त्यांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा सारखा बोलवायचा, म्हणून आम्ही राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी ते तिकडे गेले. चार महिने राहून बघतो, जमलं तर फ्लॅट विकून कायमचा जातो, असं ठरलं होतं. आम्ही मनातल्या मनात पुन्हा खोली शोधायच्या तयारीला लागलो. पण महिन्याभरात काका परत, तोच शर्ट, तीच छत्री.

"घर कसं आहे मुलाचं?" प्रमोदने विचारलं.

"उत्तम. आपल्या मजल्यावरचे सगळे फ्लॅट मावतील एवढं आहे."

"मग?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. मुलाची नोकरी शहराच्या मध्यात. तिथे, ट्रेनच्या जवळ, घर घ्यायचं म्हणजे पगारातलं निम्मं त्यातच घालायचं. म्हणून त्याने घर घेतलं लांब, जिथे परवडतं तिथे. तिथे बस नाही, ट्रेन नाही. सकाळी मुलगा आणि सून आपापल्या गाड्या घेऊन जात आणि अंधार पडता पडता परत येत. मधल्या वेळात काका आणि ते घर.

"एक दिवस म्हटलं, बसचा थांबा शोधून काढू. निघालो चालत. रस्त्याच्या कडेला फुटपाथच नाही. गवतातून चालतोय. थोड्या वेळाने पोलिसांची गाडी येऊन थांबली. सभ्य माणूस होता हो. म्हणाला, सर, तुम्ही हरवलात काय? मी म्हटलं, मी नाही हरवलो, तुमची बस हरवल्येय. त्याने मला गाडीत बसवून घरी आणून सोडलं. संध्याकाळी मुलाला कळलं. तो रागावला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाईट वाटलं."

मग ते म्हणाले, "तो काही चुकला नाही. घर स्वस्त मिळालं, त्याने घेतलं. पण मी तिथे पार्सलासारखा पडून होतो. कोणी उचललं तरच हलणार."

त्यानंतर मुलाचा फोन दर आठवड्याला येई. काका कुठल्या बसने कुठे गेलो ते सांगत, आणि मुलगा ऐकून घेई.

---

मग तो वाईट काळ आला. शेजारच्या देशांची चलनं कोसळली, सिंगापुरातल्या कंपन्या माणसं कमी करू लागल्या, आणि एका शुक्रवारी प्रमोद दुपारीच घरी आला. त्याच्या हातात एक खोका होता, त्यात त्याचा कप आणि दोन पुस्तकं. नोकरी गेली की पास जातो आणि पास गेला की देश सोडावा लागतो. काही आठवड्यांची मुदत होती. पुण्यात परत जायला हरकत नव्हती, पण प्रमोदच्या वडिलांचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालं होतं आणि दोन्ही घरं त्याच्या पगारावर उभी होती. तो रोज सकाळी नेहमीच्या वेळी कपडे करून निघायचा आणि कंपन्यांतून नकार घेऊन परतायचा. कॉम्प्युटरवाल्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं.

एका दुपारी मी खोक्यांत भांडी भरायला घेतली. काका बाहेरून आले, दारात थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"ते ठेव आधी," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "भांडी मांडणीवर ठेव परत."

"काका, शेवटच्या दिवशी घाई नको म्हणून—"

"ठेव म्हणतो ना."

मी ठेवली. ते खुर्चीत बसले. मग अचानक विचारलं, "तू काय शिकलीस?"

इतकी वर्षं एका घरात राहत होतो, आणि सिंगापूरमध्ये हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.

"मायक्रोबायॉलॉजी. एम.एस्सी. डेअरीत होते. दुधात जंतू आहेत का, कुठले आहेत, ते बघायचं काम."

"दुधातच बघता येतात काय? माशात?"

"कशातही. पद्धत तीच."

काका छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मासा आणि दुर्बीण."

"काय?"

"पाटी आहे एक. पिवळी. त्यावर मासा काढलाय आणि शेजारी ती तुमची दुर्बीण, जंतू बघायची. बुओना व्हिस्टाच्या अलीकडे बस वळते तिथे, दुसऱ्या मजल्यावर. खालून दिसत नाही, झाड आड येतं. डबल डेकरच्या वरूनच दिसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. पाटी होती. खरोखरच पिवळी, आणि मासा जरा हसरा काढलेला. वर एक छोटी प्रयोगशाळा होती. गोठवलेलं अन्न परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांचे नमुने तिथे तपासायला येत. माझे पाय दारातच थबकले. न विचारता, न कळवता कोणाच्या ऑफिसात शिरायचं म्हणजे काय. काकांनी दार ढकललं आणि आत जाऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "गुड मॉर्निंग. आय हॅव ब्रॉट युवर मायक्रोबायॉलॉजिस्ट."

एक पन्नाशीच्या चिनी बाई पांढऱ्या कोटात बाहेर आल्या. तिथल्या व्यवस्थापिका त्याच होत्या. त्यांनी आधी काकांकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"अंकल, हू सेड वुई नीड?"

"नोबडी," काका म्हणाले. "बट युवर लाइट इज ऑन व्हेन आय पास ॲट नाइन इन द नाइट. एव्हरी टाइम. समबडी इज वर्किंग टू मच."

बाईंनी आम्हाला आत बोलावलं. नंतर मला कळलं की ती उशिरापर्यंत काम करणारी माणसं म्हणजे त्या स्वतः होत्या. आदल्या महिन्यात त्यांची हाताखालची मुलगी दुसरीकडे गेली होती आणि मालक नवी जागा भरायची टाळाटाळ करत होता. त्यांनी मला दोन-चार प्रश्न विचारले, सॅल्मोनेला कसा वाढवायचा, प्लेटवर काय दिसलं की संशय घ्यायचा. ती उत्तरं देताना माझा आवाज पहिल्यांदा स्थिर झाला.

"टुमॉरो नाइन ओ'क्लॉक, बॉस विल बी हिअर," त्या म्हणाल्या. "ब्रिंग ओरिजिनल सर्टिफिकेट. अँड डोन्ट बी लेट, बॉस डोन्ट लाइक लेट."

---

आता सांगते ती गोष्ट मी बरीच वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

त्या सकाळी प्रमोदला दुसरीकडे मुलाखत होती, म्हणून माझ्याबरोबर काका निघाले. कलांगला नेहमीप्रमाणे उतरलो. थांब्यावर ही गर्दी. पुढे कुठेतरी पाण्याची मोठी नळवाहिनी फुटली होती, रस्ता बंद होता, आणि बस येत नव्हती. टॅक्सीसाठी माणसं रस्त्याच्या मधोमध जाऊन हात करत होती. मी घड्याळाकडे बघत होते.

"काका, मी जाते एमआरटीने," मी म्हणाले. "तुम्ही घरी जा. मला येईल जाता."

"पोचवतो म्हटलंय ना."

"पण तुम्ही—"

त्यांनी कॉलरची छत्री काढून हातात घेतली. "चल," म्हणाले, आणि माझ्या आधी जिना चढायला लागले.

गाडीत जागा मिळाली. कलांग सुटलं, गाडी उतारावर लागली आणि खिडक्या काळ्या झाल्या. काकांनी डोळे मिटून घेतले. कपाळावर घाम आला होता. छत्रीच्या मुठीवर त्यांची दोन्ही हातांची बोटं पांढरी पडली होती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग डोळे न उघडता ते बोलायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"बंगालच्या उपसागरात होतो. इंजिन रूममध्ये पाणी शिरलं. खाली मी आणि माझ्या हाताखालचा इंजिनियर. देवगडचा. लग्नाला वर्ष झालं नव्हतं त्याच्या. शिडीवर मी पुढे होतो. मी वर आलो. वळून बघतो तो मागे कोणी नाही, नुसतं पाणी. वरून हुकूम आला, दार लावा, नाहीतर जहाज जाईल. दार लावलं. मीच लावलं. जहाज वाचलं."

गाडी एका स्टेशनात थांबली, माणसं चढली-उतरली, पुन्हा अंधार.

"त्याची बायको मुंबईला होती, कंपनीच्या खोलीत. सांगायला मी गेलो. तर कंपनीचा माणूस माझ्याआधी जाऊन आलेला. खोली रिकामी करायला सांगून गेला होता. मी दारात उभा राहिलो तेव्हा ती भांडी भरत होती खोक्यात. रडत नव्हती. मला म्हणाली, बसा, पण पाणी द्यायला भांडं बाहेर नाही."

आणखी एक स्टेशन गेलं.

"तेव्हापासून बाय, खोक्यात भांडी भरणारी बाई मला बघवत नाही. बाकी काय नाही."

मी त्यांचा हात धरून बसले. रेडहिलच्या आधी गाडी चढायला लागली आणि एकदम उजेड आला. काकांनी डोळे उघडले, खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "सर्टिफिकेटं घेतलीस ना?" समोर बसलेल्या शाळकरी मुली दचकल्या.

मला ती नोकरी मिळाली. मालकाने फार वेळ घेतला नाही. व्यवस्थापिका बाईंनी आधीच त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. माझ्या नावाचा पास निघाला. प्रमोदला भेटीच्या पासवर मुदत वाढवून मिळत गेली. ते काही महिने तो घरी राहून स्वयंपाक करायचा आणि काका खुर्ची सरकवून त्याला मासे शिकवायचे. त्यानेच त्या घरात पहिल्यांदा बांगडा तळला. पुढे बाजार सुधारला, त्यालाही नोकरी मिळाली. मी त्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं राहिले आणि शेवटी बाईंच्या खुर्चीत बसले.

प्रयोगशाळा बुओना व्हिस्टाजवळ, म्हणजे बदोकहून लांब. त्यामुळे मी कामाला लागले त्या महिन्यापासून काकांनी भाडं कमी केलं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "नियम माझा आहे, तुझा नाही."

त्यांचे आभार मानायचा मी एकदा नीट प्रयत्न केला होता. पहिल्या पगारातून त्यांना चांगला शर्ट घेतला आणि सगळं मनातलं सांगायला लागले. त्यांनी डावा कान पुढे केला.

---

शतक संपता संपता आम्ही आमचं घर घेतलं. काका ते बघायला आले, जेवले, आणि आमच्या जागी त्यांनी नाशिकच्या एका नवीन जोडप्याला खोली दिली. त्यानंतरही काही वर्षं ते होते. गेले ते झोपेतच, बाहेरच्या खोलीत. सकाळी कॉरिडॉरमधून जाणाऱ्या शेजारणीच्या लक्षात आलं.

अमेरिकेहून मुलगा आला. सगळं आवरल्यावर एका दुपारी तो आमच्याकडे आला. काकांसारखाच उंच, पण ताठ. चहाचा कप हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "तुम्ही त्यांच्याजवळ राहिलात. मी लहान असताना ते बोटीवर असायचे. सुट्टीवर आले की महिनाभर पाहुण्यासारखे. मोठा झालो तो मी अमेरिकेला गेलो. खरं सांगायचं तर मला बाबा फारसे माहीत नाहीत. कसे होते ते?"

मी त्याला सांगितलं. वर लिहिलंय तेच, याच क्रमाने नाही. भाड्याची गोष्ट ऐकून तो हसला. चष्म्याची ऐकून खूप हसला. एमआरटीची गोष्ट सांगावी की नाही, मी क्षणभर थांबले. ती त्यांनी मला दिलेली होती. पण हा त्यांचा मुलगा होता, म्हणून सांगितली.

त्याने कप खाली ठेवला. चहा गार झाला होता.

"बाबा गावी आले की ओटीवर झोपायचे," शेवटी तो म्हणाला. "थंडीतसुद्धा. मी आईला विचारायचो, बाबा आत का येत नाहीत. आई म्हणायची, बोटीवरच्या माणसाला घर सोसत नाही. मला वाटायचं, आपणच त्यांना सोसत नाही."

प्रमोदने उठून खिडकी उघडली. तसं काही कारण नव्हतं.

"आणखी काही आठवतं?" मुलाने विचारलं. "काहीही. लहानसहान असलं तरी चालेल."

मी आत जाऊन तिघांपुरता कुकर लावला, आणि बाहेर येऊन सांगायला बसले.